दोघींची सायकल

भिंगारहून सावेडीला सायकलवर जायला शुभांगी साळवेला पंचवीस मिनिटं लागायची, आणि रात्रपाळी करून परतताना चाळीस. रस्ता तोच, सायकल तीच. पाय तेवढे बदललेले असायचे.

सावेडीतल्या एका खाजगी दवाखान्यात ती सिस्टर होती. वय एक्केचाळीस. नवरा प्रशांत साखर कारखान्यावर बॉयलरला. सीझन सुरू झाला की त्याचा मुक्काम तिकडंच, पंधरवड्यातून एखादी चक्कर. घरी सासू भिमाबाई आणि नववीतली लेक. स्कूटी घ्यायचं दर दिवाळीला ठरायचं आणि दर दिवाळीला राहून जायचं. खरं सांगायचं तर शुभांगीलाच सायकल सोडवत नव्हती. दवाखान्यात बेल वाजली की पळायचं, घरात हाक आली की पळायचं. मधली पंचवीस मिनिटं मात्र तिला कुणी हाक मारत नसे. डीएसपी चौकातल्या गर्दीतून, टेम्पोच्या धुरातून ती मान खाली घालून निघायची आणि तेवढ्यात जे काही मनात यायचं ते तिचं एकटीचं असायचं.

काकासाहेब सरांनी तिला हेरलं ते पंक्चरच्या दुकानात. सर एका शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता निवृत्त. पण पहाटे वाडिया पार्कवर पोरापोरींना पळवायचं आणि सायकलीवर पिटाळायचं त्यांनी सोडलं नव्हतं. शुभांगी मागच्या चाकाची ट्यूब बदलून घेत उभी होती.

"मॅडम, तुम्हाला मी रोज बघतो कॅम्पाच्या रस्त्याला," सर म्हणाले. "परवा समोरून एवढा वारा होता, मोटारसायकलवाले वाकून चालले होते. तुम्ही आपल्या एकाच चालीनं. किती वर्षं चालवता?"

"शाळेपासून. आमच्या वस्तीवरून मिरजगावची शाळा सात किलोमीटर होती."

"मग माझं एक काम करा," सर म्हणाले, आणि काम काय ते त्यांनी तिथंच सांगून टाकलं.

पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना दोन सीटांची लांब सायकल दिली होती. पुढं डोळस माणूस बसतं, त्याला पायलट म्हणतात. मागं न दिसणारं. मागं बसणारी पोरगी तयार होती. मोनिका तिचं नाव, वय सव्वीस, गाव सोनई. जन्मापासून दिसत नव्हतं, पण शिकून, परीक्षा देऊन बँकेत लागली होती आणि आईबरोबर भिंगारलाच खोली करून राहत होती. फेब्रुवारीत पुण्याला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. पोरीच्या पायात ताकद होती. पुढं बसायला बाई मिळत नव्हती.

"पोरी आहेत माझ्याकडं," सर म्हणाले. "मैदानावर वाऱ्यासारख्या पळवतात. पण ट्रक-टेम्पोतून रोज वाट काढणारी एक नाही. आणि बँक सावेडीलाच आहे तिची. जाता-येता सराव होईल."

शुभांगीनं विचार करून सांगते म्हटलं. विचार करायला सवड मिळालीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोनिकाची आई रतनबाई पोरीचा हात धरून दारात हजर.

"बाई, सरांनी सांगितलं तुमी हो म्हनल्या म्हून," रतनबाई म्हणाल्या. "लई बरं झालं. रिक्षावाले तिला चौकातच उतरवून देत्यात. माझा जीव टांगनीला असतो."

मोनिका शेजारी उभी होती. उंच, सडसडीत, वेणी घट्ट घातलेली. मग तिनं विचारलं, "ताई, तुमचं वजन किती?"

"का गं?"

"मला ओढायला लागणार ना, म्हणून."

शुभांगीला हसू आलं, आणि त्या हसण्यातच होकार होऊन गेला.

पहिल्या दिवशी त्यांनी सायकल कॅम्पातल्या झाडीच्या रस्त्यावर काढली. लष्कराचा रस्ता, गुळगुळीत, सकाळी रिकामा. दोघींची पायडलं एका चेननं एकमेकींना बांधलेली होती. पुढचं फिरलं की मागचं फिरायचंच. एकीनं पाय थांबवले तर दुसरीलाही थांबवावे लागायचे. पहिल्या शंभर पावलांत दोघी दोनदा पडता पडता वाचल्या. मग कुठंतरी पाय जुळले आणि सायकल अशी सुटली की शुभांगीच्या कानात वारा भणभणायला लागला. मागून मोनिका ओरडत होती, "ताई, अजून! अजून जोरात!" ती आयुष्यात पहिल्यांदा पळाली असावी तशी हसत होती. शुभांगीनंही मग दाबून मारली. किती तरी दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

नोव्हेंबर असा बरा गेला. दिवसपाळी असली की दोघी लांब सायकलवर सावेडीला जायच्या. मोनिकाला बँकेच्या पायरीशी सोडायचं, सायकल दवाखान्याच्या शेडमध्ये लावायची, संध्याकाळी परत. आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला सराव. रविवारी सोलापूर रोडनं रुईछत्तिशीपर्यंत जाऊन परत यायचं, पन्नासेक किलोमीटर. काकासाहेब सर मोपेडवर मागून यायचे, हातात घड्याळ. "दोन मिनिटं कमी झाली," म्हणायचे. "अजून चार काढायचीत."

डिसेंबरात दवाखान्यातल्या दोन सिस्टर नोकरी सोडून गेल्या. एकीचं लग्न ठरलं, दुसरीला पुण्यात काम मिळालं. त्यांच्या पाळ्या उरलेल्यांच्या अंगावर पडल्या. मेट्रन मॅडम वेळापत्रकावर पेन्सिल फिरवत म्हणायच्या, "साळवे सिस्टर, एवढा आठवडा काढा." मग पुढचा आठवडा. रात्रपाळी संपवून सकाळी आठला निघायच्या ऐवजी दुपारी दोनला निघायचं असं आठवड्यातून तीन-चारदा व्हायला लागलं.

अंगाच्या दमण्याची शुभांगीला सवय होती. तिला दमवत होतं ते बोलणं. लांब सायकलवर पुढच्या माणसाला सतत बोलावं लागतं. "खड्डा. ब्रेकर. डावीकडं झुक. पाय थांबव. पुढं ट्रॅक्टर, उसाच्या दोन ट्रॉल्या, उजवीकडनं काढते. मार आता." आणि मधल्या वेळेत मोनिकाचे प्रश्न. "आत्ता काय गेलं? हा वास कसला? ते लोक आपल्याकडं बघतायत का? आज ऊन कसलं आहे, पिवळं का पांढरं?" सुरुवातीला शुभांगी सगळं सांगायची. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय पण कंडक्टर अजून नगर-नगर म्हणूनच ओरडतोय, एका बाईनं स्कूटीवर केवढा मोठा पत्र्याचा डबा धरलाय, मिरवणुकीच्या कमानीला अजून लायटिंग तशीच आहे. मोनिका ते ऐकून खूश व्हायची, बँकेत जाऊन मैत्रिणींना सांगायची.

डिसेंबर सरता सरता शुभांगी "काही नाही गं" म्हणायला लागली.

"काय गेलं, ताई?"

"काही नाही गं. गाडी होती."

तिची पंचवीस मिनिटं गेली होती. तिला वाटायचं, हिला हे कसं सांगावं? जिला आयुष्यभर दुसऱ्याला विचारत जावं लागतं, तिला कसं म्हणावं की बाई, थोडा वेळ मला काही विचारू नकोस? चौकात उभं राहिलं की शेजारचा एखादा मोटारसायकलवाला हमखास विचारायचा, "काय हो, मागची नुसती बसून चालली का?" पहिल्या महिन्यात शुभांगी त्याला ठणकावून उत्तर द्यायची. आता ती सिग्नलकडं बघत राहायची. मोनिकाच मागून म्हणायची, "या की काका, बसून बघा."

भिमाबाईंना सुनेचं तोंड बघवत नव्हतं. पहाटे पाचला शुभांगी चहा ठेवायला उठली की त्या अंथरुणातूनच बोलायच्या.

"सुभांगे, शर्यत तुला मारायची हाय का त्या पोरीला?"

"तिला, आई."

"मग तू का हाडं झिजवती? डोळं बघ आरशात. खोल गेल्यात निस्ते."

"फेब्रुवारीपर्यंतच आहे."

"तवर राहशीन का?"

शुभांगी चहा गाळून घ्यायची. दर सोमवारी ती ठरवायची की आज सरांना फोन करायचा, नाही म्हणायचं. पण पहाटे दार उघडलं की मोनिका हेल्मेट घालून, आईच्या शालीत गुंडाळून ओट्याशी उभी असायची. दात थंडीनं वाजत असायचे आणि तोंडावर हसू. फोन राहून जायचा.

संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. शुक्रवारची रात्र, शनिवारचा दिवस आणि परत शनिवारची रात्र, एवढं करून शुभांगी मेट्रन मॅडमला सांगून पहाटेच दवाखान्यातून सुटली होती. मध्ये दोन तास स्ट्रेचरवर पाठ टेकली, तेवढीच झोप. सर त्या दिवशी लग्नाला गेले होते, मागं मोपेड नव्हती. जाताना काही झालं नाही. थंडी होती, हात बधिर होते, थंडीनं जाग राहिली. रुईछत्तिशीला चहा घेतला आणि त्या परत फिरल्या. आठ वाजत आले होते, ऊन वर आलं होतं आणि पाठीवर पडून गोडगोड लागत होतं. रस्ता सरळ. कडेची पांढरी पट्टी चाकाखालून सरकत होती, सरकत होती.

डोळे मिटले असं तिला वाटलंच नाही. पट्टी होती, मग पट्टी नव्हती. चाकाखाली मुरूम करकरला, पुढचं चाक साइडपट्टीवरून खाली घसरलं आणि दोघी सायकलसकट वेड्या बाभळीच्या झुडपात जाऊन पडल्या. तीस पावलांवरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, थांबला नाही. सायकल उजवीकडं वळली असती तर, एवढा विचार शुभांगीच्या डोक्यात आला.

"ताई! ताई, कुठं आहात?" मोनिका हवेत हात फिरवत होती. तळहात सोलून निघाला होता, कोपराला काटे घुसले होते.

"इथंच आहे. हलू नकोस. हात दाखव."

"काय झालं?"

शुभांगी तिचं मनगट दाबून बघत होती. हाड शाबूत वाटत होतं, पण सूज यायला लागली होती. तिचे हात नर्सचे हात होते, आपोआप कामाला लागले होते. तोंडही आपोआपच बोललं.

"कुत्रं आडवं आलं गं. एकदम."

मोनिकानं तोंड तिच्याकडं वळवलं. मग तिनं विचारलं, "कुत्र्याला लागलं का?"

"नाही. पळालं ते."

"बरं झालं," मोनिका म्हणाली.

एका टेम्पोवाल्यानं सायकल मागं टाकून दोघींना भिंगारला आणून सोडलं. एक्स-रे काढला. मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. दहा-बारा दिवस पट्टा बांधायचा, सायकल बंद. चाचणीला पाच आठवडे होते. काकासाहेब सर संध्याकाळी धावत आले. त्यांनाही शुभांगीनं कुत्र्याचंच सांगितलं. भिमाबाईंना सांगितलं. प्रशांतला फोनवर सांगितलं. प्रत्येक वेळी कुत्रं थोडं अधिक खरं होत गेलं. तिसऱ्या वेळी त्याला तांबडा रंग आला, चौथ्या वेळी ते बाभळीच्या उजव्या अंगानं आलं.

संक्रांतीला रतनबाई गुळाच्या पोळ्या घेऊन आल्या. शुभांगीच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली.

"तुमी होता म्हून माझी लेक वाचली. दुसरं कोनी असतं तर टॅक्टरखालीच गेल्या असत्या दोघी. देवमानूस हाय तुमी."

शुभांगीनं पोळीचा तुकडा तोंडात घातला. तो गिळताना तिला पाणी प्यावं लागलं. रात्री अंगाचा पिट्टा पडलेला असूनही झोप लागेना. जिच्या अभावी हे सगळं झालं ती झोपच आता येत नव्हती.

मोनिका त्या दिवसांत फारशी बोलली नाही. शुभांगी रोज पट्टी बदलायला जायची. मोनिका हात पुढं करायची, "झालं?" विचारायची, हात मागं घ्यायची. शुभांगीला वाटलं, चाचणी बुडेल म्हणून पोरगी नाराज आहे.

बाराव्या दिवशी पट्टा निघाला. सकाळी दोघी लांब सायकलवर निघाल्या. हळूहळू, फक्त सावेडीपर्यंत. कॅम्पातल्या झाडीत आल्यावर मोनिका मागून म्हणाली, "ताई, सायकल बाजूला घ्या जरा."

"दुखतंय का?"

"घ्या ना."

एका चिंचेखाली त्या थांबल्या. मोनिका सीटवरून उतरली नाही. एक पाय जमिनीला टेकवून बसून राहिली.

"कुत्रं नव्हतं ना?" ती म्हणाली.

पुढून लष्कराची एक गाडी आली आणि गेली.

"मला कुत्र्याचं काही ऐकू आलं नाही," मोनिका म्हणाली. "पण ते सोडा. एखादं गुपचूप येतं. पडायच्या आधी एकदम चढ लागला मला. मी म्हटलं, इथं कुठं चढ? इथं तर सपाट आहे, दर रविवारी जातो आपण. मी जोर लावला. तुमचे पाय मला ओढावे लागत होते, ताई. नुसते पायडलवर ठेवलेले होते. जिवंत माणसाचे पाय असे नसतात."

"डोळा लागला," शुभांगी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "दोन सेकंद. जास्त नाही. पण लागला."

"मग मला कुत्रं का सांगितलंत?"

"लाज वाटली."

"लाज!" मोनिकाचा आवाज चढला. चालायला निघालेले एक म्हातारे गृहस्थ वळून बघायला लागले. "पुढं खड्डा आहे म्हटलं की माझ्यासाठी खड्डा असतो. रस्ता मोकळा म्हटलं की मोकळा असतो. तुम्ही जे सांगाल त्याच्यावर मी बसते मागं. तेच खोटं असलं तर मी कशावर बसू?"

शुभांगीनं हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेवढीही ताकद अंगात नव्हती.

मग मोनिकाच बोलली, या वेळी खालच्या आवाजात.

"मला माहीत होतं. म्हणजे तुम्ही दमलाय ते. महिनाभर माहीत होतं. पहिल्या महिन्यात पुढून मला ढकलल्यासारखं वाटायचं. मग मीच तुम्हाला ढकलायला लागले. परतीला तर निम्म्याच्या वर मीच ओढायची. बोलले नाही."

"का नाही बोललीस?"

"बोलले असते तर सर म्हणाले असते, थांबवा. सराव गेला असता. चाचणी गेली असती." तिनं नाक ओढलं. "म्हणून प्रश्न विचारत बसायची. तुम्ही बोलत राहिलात तर जाग्या राहाल असं वाटायचं. नंतर तुम्ही 'काही नाही' म्हणायला लागलात."

शुभांगीनं पहिल्यांदाच मागं वळून नीट बघितलं. मोनिकाच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. दोन महिने दोघी एका चेनला बांधून फिरल्या होत्या आणि दोघींनी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवली होती.

"चल," शुभांगी म्हणाली, "तुला उशीर होईल."

"हो. हळू चला."

त्या दिवशी वाटेत शुभांगीनं खड्डे आणि ब्रेकर तेवढे सांगितले. मोनिकानं काही विचारलं नाही.

संध्याकाळी शुभांगी वाडिया पार्कवर गेली आणि काकासाहेब सरांना एका बाजूला घेऊन जे झालं ते सांगितलं. सर आधी भडकले. "अहो, एका अंध मुलीचा जीव तुमच्या हातात दिला होता मी!" असं मोठ्यानं म्हणाले, पळणाऱ्या पोरी थांबून बघायला लागल्या. शुभांगीनं मान हलवली. खरंच होतं ते. मग सर बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"झोप किती होत होती तुमची?"

"चार तास. कधी तीन."

"आणि मी मोपेडवरनं घड्याळ दाखवत होतो." ते टोपीशी चाळा करत बसले. "मीही विचारलं नाही कधी. टायमिंग तेवढं विचारत राहिलो."

आठवडाभरात सरांनी पूजा नावाची पोरगी शोधून काढली. खेळाच्या कॉलेजात शिकणारी, बावीस वर्षांची, रात्री दहाला झोपणारी. तिला रस्त्याची सवय नव्हती, म्हणून सर जुन्या एका मित्राची जीप घेऊन पुढं चालवायचे आणि या दोघी मागून. मोनिकानं सांगितलं की पूजा चांगली आहे, पण बोलत फार नाही. शुभांगीला ते ऐकून थोडं बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

दवाखान्यात तिनं मेट्रन मॅडमला सांगितलं की यापुढं डबल ड्यूटी जमणार नाही.

"मग करणार कोण?" मॅडमनं पेन्सिल खाली ठेवली.

"माहीत नाही, मॅडम. परवा सोलापूर रोडला सायकलवर माझा डोळा लागला. उद्या सलाइनमध्ये इंजेक्शन सोडताना लागेल."

मॅडमनं वर बघितलं. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं. महिन्यातून चार, त्याच्यावर नाही, असं शेवटी ठरलं. ती चारही लिहून घेतली आणि पेन्सिल परत वेळापत्रकावर फिरायला लागली. एवढ्यानं काही अंग हलकं झालं नाही. पण रविवार तिला मिळाला. त्या पहिल्या रविवारी ती सकाळी साडेदहापर्यंत झोपली. आठला शेजारची बाई साखर मागायला आली, तिला भिमाबाईंनी दारातूनच परत लावलं. "हळू बोल गं, माझी सून झोपली हाय," असं त्या अशा तोऱ्यात म्हणाल्या की जणू घरात काही मोठं कार्य चाललंय.

निवड चाचणीच्या दिवशी शुभांगी ड्यूटीवर होती. दुपारी दोनच्या सुमारास फोन आला. ती औषधांच्या खोलीत गेली.

"चौथी आले," मोनिका म्हणाली.

"किती जणी होत्या?"

"सात जोड्या. तीन घेणार." मागून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता. "पूजा रडतीये. तिला सांगतेय मी, अगं दोनच आठवडे झालेत आपल्याला."

"आणि तू?"

"मी बिस्किटं खातेय."

शुभांगी भिंतीला टेकली. मी असते तर काय झालं असतं, हा प्रश्न दोघींच्या मध्ये फोनच्या तारेवर आल्यासारखा उभा राहिला. कदाचित तिसरी आली असती. कदाचित आज फोन करायला मोनिका नसतीच. दोघींनी तो तसाच राहू दिला.

"हात दुखला का?" शुभांगीनं विचारलं.

"शेवटच्या फेरीला थोडा."

"रात्री शेक. गरम पाण्यात मीठ टाकून."

"बरं."

बाहेर बेल वाजली. शुभांगीनं फोन ठेवला आणि चार नंबरच्या खाटेकडं गेली.

पुढं दिवसपाळी असली की दोघी लांब सायकलवर सावेडीला जायच्या. पहिल्यासारखं काही राहिलं नव्हतं. मोनिका जपून बोलायची, शुभांगी जपून चालवायची. एकदा डीएसपी चौकात शुभांगी म्हणाली, "आज मला फार झोप येतेय, मोना. चालत जाऊ या का थोडं?" मोनिका लगेच खाली उतरली. दोघी सायकल हातात धरून कोठला स्टँडपर्यंत चालत गेल्या. मोनिकाला बँकेत उशीर झाला, साहेब बोलले. तिनं ते शुभांगीला सांगितलं, लपवलं नाही.

मार्च लागला. सकाळी आठलाच उन्हाचा चटका बसायला लागला. शुभांगी एका रात्रपाळीनंतर आपल्या काळ्या सायकलवर घरी निघाली होती. रात्री वॉर्डात एक आजोबा गेले होते, त्यांच्या लेकीला धरून बसण्यात पहाट झाली होती. चाळीस मिनिटांच्या जागी पन्नास लागणार असं दिसत होतं. कॅम्पाच्या रस्त्याला मागून चेनचा सरसर आवाज आला आणि लांब सायकल तिच्या बाजूनं पुढं निघाली. पुढं पूजा, मागं मोनिका. पुढच्या वर्षीच्या चाचणीचा सराव सरांनी आत्तापासूनच धरला होता.

"गुड मॉर्निंग, ताई!" पूजा ओरडली.

"कोण? शुभांगीताई?" मोनिकानं मान फिरवली. "कुठं आहेत?"

"डाव्या हाताला."

दोघींनी वेग कमी केला. तिघी थोडा वेळ एका रेषेत चालल्या. मोनिकाचा चेहरा घामानं निथळत होता.

"ड्यूटीवरनं का, ताई?"

"आत्ता सुटले. घरी चाललेय."

"लई दमलाय?"

"हो," ती म्हणाली. "लई दमलेय."

"मग झोपा जाऊन. संध्याकाळी येते मी."

पूजानं पाय मारले आणि ती दोन सीटांची सायकल भिंगारच्या वळणाकडं निघून गेली. शुभांगी आपल्या चालीनं मागून येत राहिली. घरी पोचल्यावर तिनं सायकल भिंतीला लावली, चपला काढल्या, आणि भिमाबाईंनी चहा विचारला तेव्हा नको म्हणून ती तशीच आत जाऊन आडवी झाली.